ब्रेकवर राहिलेला पाय

बस उभी होती. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. कंपनीचं पार्किंग, चारी बाजूंनी भिंत. गाडीला पळून जायला जागाच नव्हती. तरी सलीमभाईंचा उजवा पाय ब्रेकवरून उठेना.

मला क्लिनिकमधून बोलावून आणलं तेव्हा एक ड्रायव्हर त्यांची पोटरी ओढत होता, दुसरा गुडघा दाबत होता आणि सगळ्यांत जुने ड्रायव्हर शिंदे मामा खिडकीबाहेरून दोघांनाही चुकीच्या सूचना देत होते. पाय इतका ताठ झालेला, की त्याला दोरी बांधून बस ओढत गंगापूरला नेता आली असती.

"पांव मेराच है मॅडम," सलीमभाई घाम पुसत म्हणाले, "पर मेरी सुनताच नै."

दारात अ‍ॅडमिन मॅनेजर कुलकर्णी साहेब उभे. ड्रायव्हर, कॅन्टीन, बाग, भटकी कुत्री असं सगळं त्यांच्याकडे.

"डॉक्टर, क्रेन बोलवू का?"

"पायाला?"

"नाही म्हणजे, आज रिकामी आहे."

साहेब विनोद करत नाहीत. त्यांना तो येत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. वाळूजच्या एका कारखान्यात आठवड्यातले काही दिवस बसते. मशीनवरच्या लोकांच्या पाठी, खांदे, मनगटं सरळ करते. शॉपफ्लोअरवर मला 'मालिशवाल्या मॅडम' म्हणतात. सुरुवातीला राग यायचा. मग मी डिग्री फ्रेम करून भिंतीवर टांगली. ती बघून एक वेल्डर म्हणाला, "मालिशचं बी सर्टिफिकेट असतं व्हय?" त्या दिवसापासून मी तो नाद सोडला.

तर बसमधला तो पाय मी ओढला नाही. आधी सगळ्यांना खाली उतरवलं. सलीमभाईंना म्हटलं, खिडकीबाहेर बघा, कडुनिंबावर किती कावळे आहेत ते सांगा, आणि फुंकर मारल्यासारखा श्वास सोडा. कावळे मोजता मोजता पाय आपोआप सुटला. बरणीचं चिकटलेलं झाकण सुटतं ना, तसा.

"झालं!" कुलकर्णी साहेब म्हणाले. "म्हणजे आता फिट?"

"नाही साहेब. आता तर कळलं, की अनफिट आहेत."

*

झालं होतं ते असं. पहिल्या शिफ्टची भरलेली बस घेऊन सलीमभाई शहरातून वाळूजला निघाले होते. गोलवाडी फाट्यापाशी लोखंडी कॉइल लादलेला एक ट्रेलर इंडिकेटर न देता आडवा घुसला. सलीमभाईंनी ब्रेक मारला. असा मारला, की त्यांच्या सांगण्यानुसार बस आणि ट्रेलरच्या मधे पोस्टकार्ड बसलं नसतं. शिंदे मामांच्या मते मधे एक माशी होती आणि ती मेली. मी दोघांचंही खरं मानते.

कुणाला खरचटलंही नाही. जीवितहानी फक्त एका डब्याची. त्यातली वांग्याची भाजी पुढच्या तीन सीटांवर समान वाटली गेली. लोक उतरले, टाळ्या वाजवल्या, सलीमभाईंना खांद्यावर घेतलं. कुणी पाणी दिलं, कुणी पाठ थोपटली. त्यांचे पाय लटलट कापत होते, तर दोघांनी ते घट्ट धरून ठेवले. "काय बी झालं नाय, सलीमभाई! शांत व्हा!" आपल्याकडे कुणी घाबरून कापायला लागलं, की आपण सगळे मिळून आधी त्याचं कापणं बंद पाडतो. इतक्या प्रेमानं पाडतो, की समोरच्याला नाही म्हणता येत नाही.

त्यानंतर पाय बिघडला. गोलवाडी जवळ आली, की उजवा पाय ब्रेकवर जायचा आणि तिथंच मुक्काम करायचा. मागून हॉर्न, शिव्या, गाडीत साठ लोक घड्याळ बघतायत. काही दिवसांनी त्यांना गाडी देणं बंद झालं, तर पार्किंगमध्ये उभ्या बसमध्ये बसूनही तेच. घरी सोफ्यावर टीव्ही बघताना समोर ट्रक आला, तर पाय फरशीवर दाबला जायचा. त्यांच्या बेगम म्हणाल्या होत्या, "फरशी में खड्डा पडेगा जी."

एक्स-रे झाला, एमआरआय झाला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. रिपोर्ट इतके सुंदर, की लग्नाच्या बायोडेटाला जोडावेत.

"मग प्रॉब्लेम कुठंय?" कुलकर्णी साहेबांनी मला केबिनमध्ये विचारलं.

"पायाने रिपोर्ट वाचलेला नाही, साहेब."

"हे बघा डॉक्टर. साठ माणसांची गाडी आहे. महिनाअखेरपर्यंत रोडवर चालवून दाखवलं तर ठीक. नाहीतर मी त्यांना गेटवर देतो. पगार तोच, बसून काम."

साहेबांचं चूक नव्हतं. पण मी ते सलीमभाईंना सांगितलं, तर हा रांगडा माणूस माझ्या स्टुलावर लहान होऊन बसला.

"गेटपे बैठके दुसऱ्यांच्या बसा मोजू क्या मॅडम? मेरे अब्बा टांगा चलाते थे, मैं बस चलाया. हमारे घर में कोई बैठके खाया नै."

*

आता थोडं शास्त्र. कंटाळा आला तर सांगू नका, मी तरी सांगणारच.

पोटाच्या आत, मणक्यापासून मांडीपर्यंत एक लांबलचक स्नायू असतो. त्याला आम्ही सोअस म्हणतो. माणूस दचकला, की तो आखडतो आणि अंग मुटकुळं करायला बघतो. धोका टळला, की अंगाला कंप सुटतो आणि आखडलेलं हळूहळू सैल होतं. स्कूटरखाली येता येता वाचलेलं कुत्रं पाहा. बाजूला जाऊन सगळं अंग झाडतं आणि पुढच्या मिनिटाला बिस्किट मागतं. आपण अंग झाडत नाही. चार लोक बघत असतात.

तर शरीराला तो कंप पुन्हा येऊ द्यायचा, असा एक व्यायाम आहे. मांड्या थोड्या दमवायच्या, मग मॅटवर पाठीवर झोपायचं, तळपाय एकमेकांना लावायचे, गुडघे सावकाश जवळ आणायचे. एका टप्प्यावर पाय आपोआप थरथरतात. थरथरू द्यायचं. नको वाटलं, तर पाय सरळ केले की थांबतं. यावर सगळ्या डॉक्टरांचं एकमत नाही, हेही सांगते. मी माझ्या सायकियाट्रिस्ट मैत्रिणीला विचारलं. तिने सलीमभाईंना एकदा नीट तपासलं आणि मला म्हणाली, "कर. पण घाई करू नकोस. आणि झोप उडाली, तर माझ्याकडे पाठव. तू तुझं भाषण कमी दे." शेवटचं वाक्य वैद्यकीय नव्हतं.

पहिला प्रयत्न क्लिनिकमध्ये केला. साफ आपटला. सलीमभाई मॅटवर असे झोपले, की वरून चादर वाळत घालता आली असती.

"ढिले सोडा."

"छोडा ना."

"कुठं सोडलंत? दगड आहे हा."

"मॅडम, आप देख रहे. औरतजात के सामने मर्द कांपता क्या?"

मी भिंतीकडे तोंड करून बसले. तरी काही नाही. भिंतही त्यांना बाईच वाटत असावी.

तेव्हा डोक्यात आलं, की झोपलेला पाय ऐकत नसेल, तर आधी त्याला चालता करू. म्हणजे पळायचं. पण हळू. आमच्या धंद्यात त्याची साधी परीक्षा आहे: पळताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. धाप लागली, तर वेग जास्त. मी सोबत पळते म्हटलं. माझी तब्येत भारदस्त आहे. माझा पळण्याचा वेग असा, की एकदा मागून आलेली म्हैस मला ओव्हरटेक करून गेली आणि पुढे जाऊन थांबली, काळजीने.

*

सकाळी आमखास मैदान. तिथं पोलीस भरतीची पोरं वाऱ्यासारखी पळत असतात. त्यांच्या मधून आम्ही दोघं: मी गुलाबी टोपी घालून, सलीमभाई पठाणीवर बूट घालून. कासवांनी वरात काढली, तर ती आमच्यासारखी दिसेल.

"काका, या वयात भरती?" एका पोराने विचारलं.

"बेटा, भरती तो कबकी हो गई," सलीमभाई म्हणाले. "अब निकालने की तयारी चालू है."

एवढं बोलले आणि गप्प झाले. मला गप्पा हव्या होत्या, परीक्षा घ्यायची होती. पण त्या ट्रेलरच्या दिवसापासून हा बोलका माणूस घुमा झालेला. हवामान विचारलं, हूं. क्रिकेट विचारलं, हूं.

"बरं, तुमच्या रूटचे स्टॉप म्हणा. मोठ्याने."

ते मात्र जमलं. बसमध्ये डुलक्या घेणाऱ्यांना उठवायला ते रोज ओरडतच असत. मैदान दणाणलं.

"क्रांती चौक! महावीर चौक! छावणी! नगर नाका! तीसगाव फाटा! वाळूज, गेट!"

छान. दुसरा फेरा, तेच. तिसऱ्या फेऱ्यात माझ्या लक्षात आलं.

"सलीमभाई, गोलवाडी राहिली."

"बोला ना मैं."

"नाही बोललात."

"बोला मॅडम! आपके कान में हवा गई."

पुढच्या फेऱ्यात मी त्यांच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघितलं. नगर नाका म्हणाले. श्वास अडकला. आणि उजवा पाय जमिनीवर धप्पकन आपटला, पूर्ण तळवा, टाच दाबून. तीसगाव म्हणाले, पाय परत हलका. माणूस मैदानात पळत होता आणि गोलवाडीला ब्रेक मारत होता!

मी तिथंच टाळी वाजवली. भरतीची पोरं थांबून बघायला लागली.

"सापडला!"

"कौन?"

"तुमचा ब्रेक."

मग आमची पद्धत बसली. नगर नाका म्हटलं, की पळणं थांबवून चालायचं. तळपायाखालची माती जाणवू द्यायची. लांब श्वास सोडायचा. मग जमेल तेवढ्या आवाजात गोलवाडी म्हणायचं आणि पुन्हा हळू पळत तीसगावला. पहिल्या दिवशी गोलवाडी अशी आली, की फक्त ओठ हलले. मग कुजबुज. मग खोकल्यासारखी. आणि एका सकाळी ते असे ओरडले, "गोलवाडीऽऽ!" की मैदानाबाहेर एक रिक्षा थांबली आणि रिक्षावाला म्हणाला, "बैठो."

त्याच सकाळी मी मैदानाच्या कडेला मॅट अंथरली. पाय दमलेले, अंग गरम, मन खूश. सलीमभाई झोपले, तळपाय जुळवले, गुडघे जवळ आणले. आधी डाव्या मांडीत बारीक कंप आला. मग उजवी. मग दोन्ही पाय असे धडधडले, की मॅट हळूहळू सरकत दिवाबत्तीच्या खांबाकडे निघाली.

"मॅडम! ये क्या हो रा!"

"होऊ द्या. त्रास होतोय?"

"नै... गुदगुल्या जैसा. इंजन चालू हो गया मॅडम!"

"न्यूट्रलमध्ये राहू द्या. गिअर टाकू नका."

ते हसायला लागले. पोट धरून. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसलंही नाही. "उस दिन भी ऐसाच कांपना था," म्हणाले, "पर लोगां पकड के रखे." थोड्या वेळाने पाय सरळ केले आणि आकाशाकडे बघत पडून राहिले. नंतर घरी जाऊन त्यांनी मटणाचा नान-खलिया इतका खाल्ला, की बेगमचा मला फोन आला: "मॅडम, आप कौनसी दवा दिए? पूरा पतेला खाली है."

असं आठवड्याला दोन-तीनदा चाललं. पळायचं, स्टॉप म्हणायचे, थरथरायचं. जास्त नाही, अंग सांगेल तेवढंच. मग पार्किंगमध्ये उभी बस, मग आवारात रिकामी बस. पाय ब्रेकवर जायचा आणि परत यायचा, शहाण्या सुनेसारखा. राहिली फक्त रोडवरची ट्रायल.

*

ट्रायलच्या सकाळी मी कंपनीत पोचले, तर सलीमभाई कडुनिंबाखाली उभे. चेहरा उतरलेला.

"कॅन्सल," म्हणाले. "साहेबांनी सांगितलं, रिस्क नै लेना. कल से गेट."

मी केबिनकडे धावले. साहेब मीटिंगमध्ये. त्या दिवशी बाहेरून कस्टमर ऑडिटला येणार होते. असा दिवस म्हणजे कुंड्यांनासुद्धा रंग देतात. शिपाई म्हणाला, जेवणानंतर या.

परत आले, तर सलीमभाई पार्किंगला चक्कर मारत होते. हळू. स्टॉप म्हणत.

"आता कशाला?"

"पैर कांप रहे मॅडम. आपच बोले ना, रोकना नै."

चार चकरा झाल्या. गेटजवळच्या हिरवळीवर ते पाठीवर झोपले आणि पाय थरथरू लागले. बाकीचे ड्रायव्हर चहाचे कप घेऊन बघत होते. शिंदे मामांनी कप खाली ठेवला.

"सलीम एकटाच हालतोय, बरं दिसत नाय."

ते शेजारी आडवे झाले. मग तिसरा. मग चौथा. मी ओरडतेय, असं नसतं करायचं, आधी मांड्या दमवाव्या लागतात! कोण ऐकतंय? ज्यांचे पाय आपोआप हलेनात, ते हाताने हलवायला लागले. थोड्या वेळात गेटसमोर ड्रायव्हरांची अशी रांग पडली, की वरून बघणाऱ्याला वाटावं, बाजारात मासे फडफडतायत.

आणि वरून बघत होते कुलकर्णी साहेब.

आपल्याकडे आंदोलन कसंही होऊ शकतं, हे नोकरीत त्यांना पक्कं कळलेलं. कुणी पाण्यात बसतं, कुणी टाकीवर चढतं, कुणी म्हशीच्या गळ्यात निवेदन बांधतं. गेटवर ड्रायव्हर आडवे पडून पाय झाडतायत, आणि ऑडिटवाले अर्ध्या तासावर. साहेब जिन्यावरून आले की खिडकीतून, मला सांगता येणार नाही. एका चपलेनिशी आले.

"शिंदे! उठा! काय मागण्या आहेत तुमच्या?"

शिंदे मामांनी एक डोळा उघडला. मामा तीन मॅनेजर कोळून प्यालेला माणूस. क्षणभरही गडबडले नाहीत.

"रेस्टरूमचा पंखा, साहेब. लई गरम व्हतं."

"मंजूर. उठा."

"आन् कॅन्टीनचा चहा. पाणचट लागतो."

"मंजूर! आणखी?"

मामांनी पाय हलवत शेजारी मान वळवली. "सलीम, तुझं काय हाय रे?"

सलीमभाईंचे पाय तेवढ्यात थांबले होते. ते सावकाश उठून बसले. पठाणीवरचं गवत झटकलं.

"साहेब, मेरेकू पंखा नक्को. चावी द्या."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. आता खोटं बोलायची अप्रतिम संधी होती, पण मी खरं सांगितलं. म्हटलं, हा संप नाही, व्यायाम आहे. पाय मी सुरुवातीपासून बघतेय. आवारात तो एकदाही अडकलेला नाही. रोडची गाडी रिकामी न्या, मी बसते, शिंदे मामा हँडब्रेकजवळ उभे राहतील, आणि खात्री करायला तुम्हीही चला.

"मी?" साहेब म्हणाले. मग लोळणाऱ्या ड्रायव्हरांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि खिशातून चावी काढली. "पण आधी यांना उठवा."

*

बस निघाली. सलीमभाई सीटवर, मामा हँडब्रेकपाशी, साहेब पहिल्या सीटवर समोरचा दांडा दोन्ही हातांनी आवळून. मी मागे. तीसगाव फाटा गेला. सलीमभाई स्टॉप म्हणत होते, उलट्या क्रमाने, कारण आम्ही शहराकडे निघालो होतो. पुढे गोलवाडी फाट्यावर खरोखरच एक ट्रेलर उभा होता. रिकामा, बाजूला लावलेला, ड्रायव्हर बिडी पीत. पण ट्रेलर तो ट्रेलरच.

मी श्वास धरला. जे इतरांना करू नका म्हणते, ते सगळं केलं.

सलीमभाईंनी आधीच वेग उतरवला. मागच्याने हॉर्न दिला, त्याला हात दाखवला. उजवा गुडघा थरथरायला लागला. मला स्पष्ट दिसला. त्यांनी तो दाबला नाही, थरथरू दिला. लांब श्वास सोडला आणि आख्ख्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले:

"गोलवाडीऽऽ! उतरणारे पुढे या!"

पाय ब्रेकला लागला आणि उठला. ट्रेलर मागे गेला. नगर नाका आला. मामांनी "सलीम्या, लेका!" म्हणून त्यांच्या पाठीत असा गुद्दा घातला, की मला वाटलं, आता पाठीचा पेशंट मिळाला.

नाक्यावर वळून आम्ही परत आलो. परतताना गोलवाडी पुन्हा आली, तेव्हा सलीमभाई साहेबांना सांगत होते की त्यांच्या मुलीच्या सासरची मंडळी पैठण रोडवर चितेगावला राहतात आणि तिथली जांभळं काय असतात. फाटा कधी गेला, आम्हाला कळलंच नाही.

गेटवर सगळे उतरले. साहेब उतरेनात.

"साहेब, आलं."

"हो, हो," साहेब म्हणाले, पण उठले नाहीत. मी खाली बघितलं. त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर गच्च दाबलेला. गोलवाडीपासून तसाच असावा. मी काही बोलायच्या आधी सलीमभाई गाडीच्या दारातून परत वर आले, त्यांच्या शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, उस झाड पे कव्वे कितने है, गिनो जरा."

दुसऱ्या दिवसापासून सलीमभाई पहिल्या शिफ्टची गाडी घेतात. मधूनमधून गुडघा थरथरतो. ते त्याला थरथरू देतात. शनिवारी मैदानावर पळतात. आता बोलण्याची परीक्षा घ्यावी लागत नाही. गप्प बसण्याची घ्यावी लागते.

या सगळ्यात मी काय शिकले, तर एवढंच. घाबरलेल्या पायाला 'काही झालं नाही' म्हणून समजावण्यात अर्थ नाही, कारण तो पाय तिथं होता आणि आपण नव्हतो. त्याला जरा पळवा, जरा हलू द्या, घाई करू नका. चावी सगळ्यांत शेवटी द्या. पण द्या.